क्रेनताईनं ओळखलेला हात

फाउंड्रीच्या वस्तीत तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. नातवंडांपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांची ती क्रेनताई. सत्तावीस वर्षं तिनं फाउंड्रीतली मोठी क्रेन चालवली. चाळीस फूट उंचीवर पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं, वितळलेल्या लोखंडाची बादली भट्टीपासून साच्यापर्यंत न्यायची आणि थेंबही न सांडता रिकामी करायची, हे तिचं काम. आता गुडघे कुरकुरायचे, पण नजर शाबूत होती. जिभेबद्दल तर विचारूच नका.

फाउंड्री बंद होऊन बारा वर्षं झाली, तेव्हा तिथलं ऑफिस रिकामं करताना फोटोंचा एक भलामोठा खोका निघाला. वस्तीतल्या वाचनालयाच्या बाईंनी तो मागून आणला आणि प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अडचण एकच होती. फोटोंच्या मागे तारखेपलीकडे अक्षर नव्हतं. मग एका रविवारी सकाळी त्यांनी जुन्या माणसांना बोलावून टेबलावर फोटो पसरले.

मधली खुर्ची अर्थातच फोरमनसाहेबांनी धरली. वय ऐंशीच्या पुढे, तरी शर्टाची कडक इस्त्री मोडलेली नाही. ते नावं सांगायचे आणि बाई लिहून घ्यायच्या. तासभर गाडी सुरळीत चालली. मग एक फोटो आला आणि गाडी अडली. त्यात एकही चेहरा नव्हता. थेट वरून काढलेला फोटो. साच्याभोवती अकरा माणसं, म्हणजे अकरा डोकी आणि बावीस खांदे.

"हा बाजूला ठेवू या," बाई म्हणाल्या. "यातलं कोण कसं ओळखणार?"

"ठेवू नका," क्रेनताई मागून पुढे आली. "माझ्या केबिनमधून काढलाय तो. कंपनीचा फोटोग्राफर वर आला होता. चढला ऐटीत, पण उतरताना शिडीला असा मिठी मारून बसला की खालून दोघांनी पाय धरून उतरवला."

तिनं चष्मा पुसला आणि फोटोवर बोट ठेवलं. "हा टकल्या मोल्डर, साचे करायचा. टोपी घातली की डोकं तापतं म्हणायचा. हा वाळूवाला, आणि त्याला खेटून उभा आहे तो त्याचा मेहुणा. म्हणजे त्या आठवड्यात त्यांचं भांडण नव्हतं." तुमच्याआमच्यासारखी माणसं तोंडावळा ओळखतात. तिला या माणसांचे भोवरे, टकलं, टोपीचा कल आणि चालताना कुठला खांदा पुढे येतो, हे पाठ होतं. बघता बघता नऊ जणांची ओळख पटली. दहावा, कोपऱ्यात पाठमोरा, तिलाही ओळखू येईना. तिनं तसं सरळ सांगून टाकलं.

अकरावा साच्याच्या टोकाला उभा होता. एक हात वर करून क्रेनला खूण देत होता.

"तो मीच," फोरमनसाहेब म्हणाले. "मोठ्या ओतकामाला खूण मीच द्यायचो."

"नाही साहेब. तो बावटा आहे."

बावटा म्हणजे क्रेनला खुणा देणारा माणूस. दिवसभर हात हलवायचा म्हणून हे नाव पडलेलं.

"अगं, तू वर, मी खाली. मला माहीत की तुला?"

"हात बघा. डावा आहे. बावट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती, म्हणून तो खूण डाव्यानं द्यायचा."

"फोटो उलटा छापला असेल!"

"मग जमिनीवर रंगवलेला सातचा आकडा सरळ कसा दिसतोय?"

बाईंनी भिंग लावलं. सात अगदी सरळ होता. कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

क्रेनताई मात्र हसली नाही. "साहेब, तुमचे शंभर फोटो निघतील. हा हात मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "माझे वडील क्रेन चालवायचे. ते थकले, तेव्हा मी परीक्षा देऊन त्यांची जागा घेतली. पहिल्या दिवशी मी बादली उचलली आणि खालचे सगळे मोल्डर बाजूला झाले. बाईच्या बादलीखाली उभं राहायला कुणी तयार नाही. बादली लटकलेली, लोखंडाचा रस थंड होतोय. तेवढ्यात हा एकटा पुढे आला, साच्यापाशी उभा राहिला आणि हात वर केला. पाच मिनिटांनी बाकीचे आले."

साहेबांनी फोटो बाईंपुढे सरकवला. "बाजूला झालेल्यांत मी पण होतो," ते म्हणाले. "लिहा बाई, बावटा."

ही गोष्ट दुपारपर्यंत वस्तीभर झाली. मंगळवारी क्रेनताईच्या दारात एक चाळिशीची बाई उभी राहिली. शिवणकाम करायची, गळ्यात अजून मापाची टेप होती.

"मावशी, मी बावट्याची मुलगी. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. घर बदलताना त्यांचं ओळखपत्रही हरवलं. फोटोत त्यांचा चेहरा दिसतो का हो?"

"त्यात नाही दिसत," क्रेनताई चपला घालत म्हणाली. "पण खोक्यात अजून चारशे फोटो आहेत. चल."

वाचनालयात साहेब पेपर वाचत बसले होते. दोघींना बघून त्यांनी पेपराची घडी घातली आणि एक गठ्ठा आपल्यापुढे ओढला. तिघांनी दुपार घालवली. क्रेनताईला दोनदा वाटलं सापडला, पण दोन्ही वेळा दुसराच निघाला. चेहऱ्यांच्या बाबतीत साहेबच तिच्याहून तयार होते. वस्तीत पहिला नळ आला त्या दिवशीचा फोटो त्यांनीच वर उचलला. पुढे छाती काढून ते स्वतः, आणि त्यांच्या खांद्यामागून मान उंचावून हसणारा एक बारीक माणूस.

"हा बघ तुझा बाप. मी जरा सरकलो असतो, तर अख्खा आला असता."

मुलीनं फोटो दोन्ही हातांनी धरला. "माझ्या धाकटीचं नाक," एवढंच म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली.

आठ दिवसांसाठी भरवलेलं प्रदर्शन पुढे दोन महिने चाललं. लोक घराघरांतून आणखी फोटो आणू लागले, तेव्हा बाईंनी माणसं ओळखायला क्रेनताईसाठी दारापाशी खुर्चीच टाकली. पण त्या मंगळवारी संध्याकाळी त्या दोघी वाचनालयातून निघाल्या, तेव्हा मुलीचे प्रश्न संपत नव्हते. बाबा बोलायचे कसे, चिडायचे का, गाणं म्हणायचे का?

"गाणं? देवा रे! बेसूर म्हणजे किती बेसूर! फाउंड्रीचा भोंगा बरा म्हणायची वेळ यायची," क्रेनताई म्हणाली. घराचं वळण समोर आलं, तशी तिनं मुलीचा हात धरला आणि गुडघ्यांना न जुमानता तिला लांबच्या रस्त्यानं घेऊन निघाली.