दुमडकाकांचं पहिलं काज

पडदे शिवायच्या दुकानात दुमडकाकांनी उभा जन्म कडा दुमडण्यात घालवला. कापायचं काम मालकाचं, काजं पाडायचं मालकाच्या भावाचं. काकांनी कात्रीला म्हणून हात लावला नाही. "एकदा कापलं की गेलं," म्हणायचे. कडा मात्र अशी घालायचे की कुठे बोटभर उघडी सुटायची नाही. उघडी राहिली की उसवते, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

काकूंची एकच हौस होती, घराभोवती फुलांचे वाफे. लग्नापासून मागत होत्या. काका निवृत्त झाले, काकू बहिणीकडे राहायला गेल्या, आणि काकांनी एकदाचं मनावर घेतलं. माती खणली, खत घातलं आणि घराला चार हात रुंद वाफा घातला, तोही सलग. सलग म्हणजे सलग! मागचं दार आलं, तिथेही झेंडू. पुढचं दार आलं, तिथली शेवटची रोपं उंबऱ्यावर बसून लावली आणि स्वारी घरातच अडकली. पण टोकाला टोक असं जुळलेलं की काका स्वतःवर बेहद्द खूश. दूधवाला काठीला पिशवी अडकवून दूध देऊ लागला, तेही त्यांना सोयीचंच वाटलं.

काकू परतल्या. वाफा पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दार शोधलं.

"अहो, मी आत येऊ कुठून?"

"खिडकीला शिडी लावतो की."

"या गुडघ्यांनी?"

"मग रोपं जरा मुळं धरू देत."

"आणि तोवर मी इथे उभी राहू?"

काकांनी लांब दांड्याच्या फावड्यावर ठेवून चहाचा कप पलीकडे सरकवला. काकूंनी उभ्याउभ्या चहा प्यायला, कप फावड्यावर परत ठेवला आणि बॅग उचलली.

"बहिणीकडे जायला अजून गाडी आहे. तुम्ही सांभाळा तुमची कड."

इतक्या वर्षांच्या संसारात काकू चिडल्या की आरडाओरडा करायच्या. आज आवाज शांत होता. काकांना दरदरून घाम फुटला.

"थांब गं! काज पाडतो."

त्यांनी खुरपं घेतलं. पहिलं रोप उपटताना डोळे मिटून घेतले. उपटलेलं प्रत्येक रोप दोन्ही बाजूंना दाटीनं लावत, काजाला टाके घालावेत तसे, ते इंचाइंचानं काकूंपर्यंत पोहोचले. भीतीपोटी वाट अरुंदच झाली होती.

"बसतंय का बघ," गुडघ्यावर बसल्या बसल्या ते गिऱ्हाइकाला विचारावं तसं म्हणाले.

काकू अंग तिरकं करून बटणासारख्या सरकत आत गेल्या. एकही पान मोडलं नाही. काकांना रडूच कोसळलं.

"डोळे पुसा. मागचं दार राहिलंय."

"आणखी कापायचं?"

"एका बटणावर कोण अंगरखा घालतं हो?"

काका नाक ओढत उठले आणि खुरपं घेऊन मागच्या दाराकडे निघाले.