काकूंनी झाकून ठेवलेला कारखाना

हातमोज्यांच्या कारखान्यात काकूंचं काम उलटवायचं. हातमोजा आधी उलटा शिवतात, मग लाकडी दांडीवर त्याचं एकेक बोट सरळ करतात. काकू लग्नाआधीपासून हेच करतात आणि माणसांनाही तसंच सरळ करतात. मालकाला ‘अरे बाबा’ म्हणणाऱ्या त्या एकट्याच. मी तिथल्या बायकांची संघटना चालवते. मला त्या ‘भांडणवाली’ म्हणतात आणि मी ते मिरवते.

दूरच्या एका थंड देशाची वकिलात शहरात नव्याने उघडली होती. दोन्हीकडचा व्यापार वाढावा म्हणून वकिलातीची माणसं कारखाने बघत हिंडत होती. आमच्याकडेही येणार होती. ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर कारखान्याला टाळं, हे मालकाने आधीच सांगून टाकलेलं. काकूंचे यजमान घरी बसलेले, सून नुकतीच शिलाईला लागलेली. दोघींचा पगार इथलाच.

“जरा नीटनेटकं दिसू द्या,” एवढं काकूंना सांगून मालक पाहुण्यांना आणायला गेला. तिथेच घात झाला.

काकूंच्या घरी पाहुणा यायचा म्हटलं की शिवणाचं मशीन आधी चादरीखाली जातं. त्यांनी कारखान्यालाही तोच न्याय लावला. चामड्याचे तुकडे पोत्यात, पोती माळ्यावर. मशिनींवर घरोघरच्या धुतलेल्या चादरी. बायका ठेवणीतले कपडे घालून भिंतीशी ओळीने बसलेल्या. मी विचारलं, काकू, काम कुठाय?

“पाहुण्यांसमोर काम काढायचं? तुला घरचं वळण नाही, ते दिसतंच.”

मीही भिंतीशी जाऊन बसले. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

वकिलातीच्या बाई आल्या, सोबत त्यांच्याकडचे दोन व्यापारी आणि एक दुभाष्या. पुसलेल्या फरशीवर मालक घसरता घसरता वाचला. बाई चादरींकडे बघतच राहिल्या. दुभाष्याने हळूच विचारलं, संप चालू आहे का? झाडून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि त्या दिवशी नेमकं मी काहीच केलेलं नव्हतं.

व्यापारी आपापसात कुजबुजले. कारखाना बंद दिसतोय, चला, असं त्यांचं म्हणणं पडलं. मालकाचा चेहरा उतरला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, तशा काकू उठल्या.

“यांच्या घरी पाहुणे आले की हे काय पसारा दाखवतात? विचार त्यांना.”

दुभाष्या चाचरत बोलला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर धाडलं, की आम्ही इतक्या लांबून पसाराच बघायला आलोय.

ही माणसं काकूंना जरा चक्रमच वाटली असावीत. पण त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं आणि बाह्या वर सारल्या. “काढा गं चादरी.”

धडाधड पोती खाली आली, मशिनी घरघरू लागल्या, ठेवणीतल्या कपड्यांवर चामड्याची भुकटी बसली. एक व्यापारी दांडीपाशी उजेड अडवून उभा होता, काकूंनी त्याला खांद्याला धरून बाजूला सारलं. वकिलातीच्या बाईंना कुणी खुर्चीसुद्धा विचारली नाही. त्या उभ्या उभ्या हातमोजे घालून, ताणून बघत होत्या. निघायचं नावच घेईनात.

ऑर्डर मिळाली. मालक अजून छाती काढून फिरतो, जणू चादरी त्यानेच काढल्या. बातमी आली तेव्हा सून धावत येऊन काकूंच्या गळ्यात पडली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, क्षणभरच, मग तिला बाजूला केलं.

“पुरे आता. उद्यापासून वेळेवर यायचं. परदेशचं काम आहे.”