सव्वीस पाट्या

वेबसाइटची पानं आखणं हा त्याचा धंदा, आणि ऑफिसात त्याला सगळे बारीकराव म्हणायचे. अंगानं तो चांगला भरलेला होता. नाव पडलं ते नजरेमुळे. पडद्यावरचं एखादं बटण केसभर डावीकडे सरकलेलं असलं तरी त्याला ते दारातूनच दिसायचं, आणि एकदा दिसलं की दाढेत अडकल्यासारखं दिवसभर सलत राहायचं. अक्षरंही त्याला बारीकच आवडायची. बारीक, फिकट राखाडी, आणि भोवती ऐसपैस मोकळी जागा. "तुझं पान वाचण्यापेक्षा तिथं राहायलाच जावंसं वाटतं," असं शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणायची. हे कौतुक होतं की टोमणा, ते त्यानं कधी तपासून पाहिलं नाही.

नोकरीशिवाय त्याचं स्वतःचं एक पान होतं. त्यावर तो दर आठवड्याला काहीतरी लिहायचा. विषय साधेच. ढकलायच्या दाराला ओढायची मूठ का बसवतात? मीठ आणि मिरपूड एकसारख्याच बाटल्यांत का ठेवतात? दवाखान्याच्या लिफ्टमध्ये दार बंद करायचं बटण मोठं आणि उघडायचं लहान का, घाई कुणाला असते, आत असलेल्याला की धावत येणाऱ्याला? लिहायचा छान. माणसाचा जीव होता त्या विषयात. वाचणारे फार नव्हते, पण जे होते ते नेमानं वाचायचे.

उन्हाळ्यात आठ दिवस तो बायको-मुलीला घेऊन बाहेरगावी जायचा. बायको एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलते करायची, त्यामुळे सुट्टीत तिला कुणाच्याही सांध्यांकडे बघायचं नसायचं. मुलगी दहा वर्षांची. त्या दोघी खरोखर सुट्टीवर असत. हा मात्र खोलीत पाऊल टाकलं की दिव्याचं बटण कपाटामागं का, म्हणून फोटो काढायला लागायचा. "अरे, पाणी बघ, डोंगर बघ," बायको म्हणायची, "देवानं आखलेलं पान आहे, त्यात तुला चूक सापडायची नाही." तो डोंगराकडे बघायचा आणि म्हणायचा, "उजवीकडे जरा जड झालंय."

गेली सहा वर्षं ते तळ्याकाठच्या एकाच घरी उतरत होते. चार खोल्या पाहुण्यांना, मागच्या दोन मालकांना. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्या पूर्वी मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापिका होत्या, आणि ती शिस्त त्यांनी इथं पाट्यांवर उतरवली होती. बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, लाल रंगानं भरून, त्यावर जाड पांढऱ्या अक्षरांत त्या लिहायच्या. 'नळ डावीकडे फिरवा. उजवीकडे फिरवाल तर हातात येईल!!!' 'खिडकी लावून घ्या. मांजर येतं आणि तुमच्याच उशीवर झोपतं!!!' खोल्यांकडून जेवणघराकडे जाताना बोळात दोन पायऱ्या होत्या. तिथं गुडघ्याच्या उंचीवर एक पाटी, 'पायरी!!!', आणि दोन पावलांवर दुसरी, 'अजून एक!!!'

मागच्या उन्हाळ्यात बारीकरावानं त्या मोजल्या. सव्वीस भरल्या. घरी परतल्यावर त्यानं फोटोंसकट लेख लिहिला. हे घर बोलत नाही, खेकसतं, असं लिहिलं. इथं पाहुण्यांपेक्षा उद्गारचिन्हांची सोय जास्त चांगली आहे, असंही लिहिलं. पाटी जितकी कमी बोलेल तितकी ऐकली जाते, हे शेवटी आलंच. घराचं नाव घातलं नव्हतं, एवढी सभ्यता पाळली. लेख असा काही चालला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खाली लोकांनी पानंच्या पानं भरली. 'बाई खोली देते की शिक्षा?' असं एकानं विचारलं होतं. बारीकरावानं त्याला हसरा चेहरा पाठवला. पुढं एका व्याख्यानात त्यानं ते फोटो दाखवले तेव्हा सभागृह खदखदून हसलं. त्या हसण्याची ऊब त्याला बरेच दिवस पुरली.

या उन्हाळ्यात गाडी दाराशी थांबली तेव्हा काकू पायरीवरच उभ्या होत्या.

"या, या! बघा, ओळखता येतंय का घर!"

आत पाऊल टाकलं आणि बारीकराव उंबऱ्यातच थबकला. लाल पुठ्ठा एकही नव्हता. त्यांच्या जागी बोटभर उंचीच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या, आणि त्यांवर बारीक, फिकट राखाडी अक्षरं. 'नळ : डावीकडे'. 'खिडकी'. 'पायरी'. भोवती ऐसपैस मोकळी जागा. आपलाच शर्ट घालून कुणी परका समोर यावा तसं त्याला झालं.

"भाचीनं तुमचं लिहिलेलं दाखवलं," काकू म्हणाल्या. "आम्हाला काय कळतंय त्यातलं! सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणं करून घेतलं. कमी बोलणारी पाटी."

त्यांच्या आवाजात टोचणी आहे का, हे त्यानं कान देऊन ऐकलं. सापडली नाही. ते जास्तच वाईट होतं.

पाचच मिनिटांत न्हाणीघरातून बायकोची हाक आली. नळाची मूठ तिच्या हातात होती आणि ती नखशिखांत भिजलेली. "डावीकडे फिरवायचा असतो ना हा? पाटी कुठं गेली?" पाटी तिच्या नाकासमोरच होती.

संध्याकाळच्या चहाला काकूंचे यजमान, काका, आले. उभं आयुष्य त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आता काही वर्षांपासून डोळ्यांवर धुकं साचलं होतं. बोळाच्या तोंडाशी ते चार पायांच्या काठीला धरून थांबले, आणि पाण्याची खोली अजमावावी तसा एक पाय पुढं सोडून त्यांनी जमीन चाचपली. सुट्टीत सांधे न बघणारी बायको पाहता पाहता उठून उभी राहिली.

"काका, खुबा ना? कधी पडलात?"

"हिवाळा सरताना," काकूच घाईनं म्हणाल्या. "घसरले जरा. आता बरं आहे. साखर किती घालू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर मुलगी काकांपाशी गप्पा मारत बसली होती. खिडकीच्या आत बारीकराव पुस्तक घेऊन पडला होता.

"आजोबा, तुम्हाला दिसतच नाही, तर इतकी वर्षं पडला नाहीत ते कसे?"

"अगं, अक्षरं गेली माझी, रंग थोडेच गेलेत! लाल दिसलं की एक पाय उतरवायचा. पुन्हा लाल दिसलं की दुसरा. पाटीवर काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नाही."

"मग लाल काढलं कुणी?"

"फॅशन गेली म्हणे त्याची," काका म्हणाले आणि हसले.

बारीकरावानं पुस्तक तोंडावर घेतलं. कान तापले होते. अक्षरांच्या वळणांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्याला, एखादी पाटी वाचण्यासाठी नसतेच, हे सुचलंसुद्धा नाही. आणि सुचलं असतं तरी काय? विचारलं तरी असतं का कुणाला? 'काकू, या इथं का लावल्यात?' एवढे पाच शब्द. त्याऐवजी त्यानं सव्वीस पाट्या मोजल्या होत्या.

सांगायला तर हवं होतं. पुढच्या सकाळी त्यानं सुरुवात केली. "काकू, ते पाट्यांचं..."

"आवडल्या ना?"

"छान आहेत," तो म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं त्याला वाटलं.

मग दोन दिवसांनी त्यानं भित्र्या माणसाची वाट धरली. मुलीच्या चित्रकलेच्या पिशवीतला लाल कागद काढला, दोन चौकोन कापले आणि बोळात कुणी नाही असं बघून दोन्ही पायऱ्यांपाशी चिकटवले. जेवणाच्या वेळी काकू ते हातात घेऊन आल्या. भिंतीच्या नव्या रंगाचे पापुद्रे त्यांना चिकटून आले होते.

"कुणाची कलाकारी ही?" त्या मुलीकडे बघत म्हणाल्या. "बाळा, भिंत मागच्याच महिन्यात रंगवली गं. विचारायचं तरी."

मुलीनं आपला लाल कागद ओळखला. ती वडिलांकडे बघत राहिली. बारीकराव ताटातल्या पावाचा तुकडा मोडत होता. मोडून झाल्यावर त्यानं त्याचे आणखी तुकडे केले.

"पुन्हा नाही करणार," मुलगी म्हणाली.

खोलीत आल्यावर बायकोनं दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "पोरीनं आजोबांच्या लाल पाट्यांचं मला सांगितलं, तरी मी तुला तीन दिवस काही बोलले नाही. म्हटलं, काढेल आपला वेळ. पण आज तू पोरीच्या आड लपलास."

"मी सांगणारच होतो..."

"मग जा ना. स्वयंपाकघर कुठं आहे ते ठाऊक आहे तुला. तिथं पाटी लागत नाही."

काकू मटार सोलत बसल्या होत्या. तो समोर बसला आणि आधी सोपं ते सांगितलं. "कागद मी लावले होते. तिनं नाही."

काकूंनी हात थांबवला आणि मुलीला हाक मारली. "अगं, मग तू बोलली का नाहीस?"

मुलगी दारात एका पायावर उभी राहिली. "मला वाटलं, बाबा बोलतील."

ती पळाली. काकूंनी पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या.

"तो लेख," बारीकराव म्हणाला, "शिकवायला म्हणून नव्हता लिहिला काकू. हसायला लिहिला होता. लोक हसले की मला बरं वाटत होतं."

"ते कळलं मला. खालचं सगळं वाचलंय मी. दोन दिवस लागले."

"सगळं?"

"खोली देते की शिक्षा, तेसुद्धा. तुम्ही त्याला काय पाठवलंत तेसुद्धा." त्या अजून शेंगांकडेच बघत होत्या. "माझं हसं झालं, ते जाऊ दे. वसतिगृहात पोरी माझ्या नकला करायच्या, मला काही होत नव्हतं. पण मला वाटलं, सोळा वर्षं माणसं येतायत, तोंडावर 'छान घर' म्हणतायत आणि बाहेर पडून हसतायत. सगळीच. मग एका दुपारी खुर्चीवर चढले आणि सगळ्या उपटून काढल्या."

"परवा मीही तेच म्हणालो. छान."

"हो. ऐकलं मी ते."

त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. "काका माझ्यामुळं पडले."

"पाट्या काढल्या त्या माझ्या हातानं," काकू जरा तीव्रपणे म्हणाल्या. "आणि ह्यांना सांगायचं राहिलं, तेही माझ्याच हातून. मला वाटायचं, हे वाचतायत. चाळीस वर्षांचा संसार, आणि मला ते ठाऊक नाही! माझा वाटा तुम्ही उचलू नका. तुमचा तेवढा बघा."

"लेख काढून टाकतो. आत्ताच्या आत्ता."

"कशाला? हसायचे ते हसून गेले. आता काढलात म्हणजे तुमच्यापुरतं स्वच्छ झालं." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "त्याच्याखालीच लिहा, पुढं काय झालं ते. इथं बसून लिहा."

तो खोलीतून लॅपटॉप घेऊन आला. अर्धा तास लिहिलं, आणि ते बऱ्यापैकी जमलं असं वाटून, सवयीनं, थोडा सुखावलाही. वाचून दाखवायला लागला. रचनाकाराची नजर आणि तिच्या मर्यादा, वापरणाऱ्याचा दृष्टिकोन, नम्रतेचं मोल... काकूंनी मध्येच विचारलं, "हे कुणाबद्दल आहे?"

"आपल्या... या सगळ्याबद्दल."

"यात हे कुठंयत?"

काका त्यात नव्हते. चार परिच्छेदांत खुबा नव्हता, बोळ नव्हता, लाल रंग नव्हता. लेखक मात्र होता, ओळीओळीत, मान झुकवून, देखणा. बारीकरावानं सगळं पुसलं. दुसऱ्यांदा लिहायला बसला तेव्हा बोटं जड झाली होती. एकेक वाक्य ढकलत न्यावं लागत होतं.

"मोठ्यानं वाचा," काकू म्हणाल्या. "आत ऐकू जाऊ द्या."

त्यानं वाचलं. "या घरातल्या पाट्यांना मी हसलो. त्या तिथं का आहेत, हे मी विचारलं नाही. घरातल्या काकांना अक्षरं दिसत नाहीत, लाल रंग दिसतो. माझा लेख वाचून लाल पाट्या उतरवल्या गेल्या. काका पायरीवरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. मला हे कळून तीन दिवस झाले. तीन दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही, आणि माझ्या चुकीसाठी माझ्या मुलीला बोलणी खाऊ दिली."

आतल्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला.

"घसरलो नाही म्हणावं," काका आतूनच म्हणाले. "मी कधी घसरलो नाही आयुष्यात. पाय टाकला, आणि खाली जमीनच नव्हती. तसं लिहा."

बारीकरावानं वाक्य दुरुस्त केलं. ते लिहिताना तो बोळ, तो टाकलेला पाय त्याला पहिल्यांदाच नीट दिसला, आणि पडद्यावरची अक्षरं काही क्षण हलायला लागली. त्यानं चष्मा काढून पुसला. मग बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. हे सगळे वाचणार होते. ऑफिस, ते सभागृह, तो शिक्षा म्हणणारा माणूस.

"टाकू?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारता?" काकूंनी सोललेले मटार भांड्यात ओतले. "मागच्या वेळी विचारलं होतंत?"

त्यानं बटण दाबलं.