मागच्या सीटची पारख

टायरच्या धंद्यात एकतीस वर्षं घालवलेल्या त्या माणसाला सगळे हवामास्तर म्हणत. नाव चेष्टेत पडलं आणि चिकटलं. टायरवर तळहाताची एक थाप मारून तो हवेचा आकडा सांगायचा, मग काटा लावायचा, आणि काटाही बहुतेक वेळा त्याचीच री ओढायचा.

नवी चाकं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासाठी त्याची एक रीत ठरलेली होती. चाकं बसवली की मालकाला मागच्या सीटवर बसवायचं आणि गाडी स्वतः चालवायची. "चाकं निवडणारा बसतो पुढं," तो म्हणायचा, "आणि हाडं खिळखिळी होतात मागच्याची. दोन मिनिटं मागचे होऊन बघा." दुकानासमोरच्या उखडलेल्या रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या की निम्म्या लोकांचा मोठ्या चकचकीत चाकांचा सोस उतरायचा. रिम मोठं घेतलं की रबराला जागा उरत नाही, एवढं साधं गणित. रिम आणि रस्ता यांच्यामधल्या रबराच्या उंचीला तो टायरचा गाल म्हणे. धक्का खायचा तो गालानं. गालच नसला तर धक्का जाईल कुठं? तुमच्या मणक्यात.

पण पिकतं तिथं विकत नाही. त्याच्याच पोरानं गाडी घेतली आणि महिन्याभरात तिची पंधरा इंची चाकं काढून अठराची काळी अलॉय चढवली. भोवती रबर म्हणाल तर बांगडीएवढं. जुनी चाकं बापाच्या दुकानाच्या कोपऱ्यात आणून टाकली, भंगार टाकावं तशी. बाप बोलला नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा बोलला होता, कशावरून ते आता दोघांनाही आठवत नसेल, पण पोरगा आठ महिने घराकडं फिरकला नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, तरी आठ महिने. ते आठ महिने बायकोनं कसे काढले हे मास्तरनं बघितलं होतं. तेव्हा पोराची गाडी, पोराची हौस. आपण आपले सायकलवर.

मग बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दर गुरुवारी हॉस्पिटल, जायला चौदा किलोमीटर आणि यायला चौदा. पोरगा अर्धी रजा टाकून येऊ लागला, एक गुरुवार चुकवला नाही. खोटं कशाला बोला. पण पहिल्याच खेपेला घरी परतल्यावर बाईला गाडीतून उतरता येईना. दाराला धरून ती उभी राहिली ती राहिलीच, चेहरा राखेसारखा.

मास्तरला राहवलं नाही. कोपऱ्यातली पंधराची चाकं त्यानं घासूनपुसून काढली, त्यांवर चांगली उंच गालाची मऊ टायर चढवली, एकेक चाक मशीनवर फिरवून शिशाचे तुकडे लावून तोललं. मग पोराला फोन केला, आयुष्यात कुणाशी बोलला नसेल इतकं गोड बोलला. पोरगा म्हणाला, बैलगाडी दिसेल. तरी आला, आणि मास्तरनं चाकं बदलली. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं लिहिलेली हवा तेवढीच भरली, एका आकड्यानंही जास्त नाही.

त्या गुरुवारी जाताना बायको झोपली. त्याच्या खांद्यावर डोकं, तोंड जरासं उघडं, बारीक घोरत होती. एकेक खड्डा टायरच्या गालात जिरत होता आणि तिची झोप काही मोडत नव्हती. एकतीस वर्षांत त्याच्या कामाला एवढी दाद कुणी दिली नव्हती.

पुढच्या गुरुवारी गाडी दारात आली ती काळी चाकं लावून. पोरानं दुसऱ्याच दुकानात बसवून घेतली होती. वळणावर गाडी लुळी पडते म्हणाला, आणि ऑफिसातले विचारायला लागले, गाडीचे भाग सुटे करून विकायला काढलेत काय. बापानं मणका, धक्का, गाल सगळं परत सांगितलं, या खेपेला गोड नाही. पोरगा ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्म सायकलवर काढला. गाडीत बसण्यातलं तुम्हाला काय कळणार?" आणि मग, "आईलाच विचारू की. बसायचं तिला आहे."

मास्तरला बरंच वाटलं. मिटलं म्हणायचं. तिच्याइतका साक्षीदार कुठला?

ती काठी टेकत, फाइल काखेत धरून उंबऱ्यापर्यंत आली होती. तिनं पोराकडं बघितलं, मग खाली स्वतःच्या चपलांकडं. नवऱ्याकडं बघितलंच नाही.

"मला नाही बाई काही फरक कळला," ती म्हणाली. "दोन्ही सारखीच. ह्यांचं आपलं उगाच असतं काहीतरी. दुकान डोक्यात घेऊनच घरी येतात."

पोरगा हसला. कुत्सित नव्हे, खरंच सुटल्यासारखा हसला. त्यानं आईला हात धरून गाडीत बसवलं, पाठीमागं उशी नीट लावून दिली, पदर दारात अडकत नाही ना हेही बघितलं. मास्तर दुसऱ्या बाजूनं तिच्याशेजारी बसला.

पहिल्या गतिरोधकालाच तिच्या अंगातून काहीतरी सरकन गेलेलं त्याला शेजारी कळलं. आवाज नाही. फाइलचा कोपरा तेवढा तिच्या मुठीत दुमडला. त्यानं हळूच हात तिच्या पाठीमागं सारला, उशी आणि मणका यांच्यामध्ये तळवा आडवा धरला.

"हात काढा," ओठ न हलवता ती म्हणाली. "तो आरशातनं बघतोय."

त्यानं हात काढून घेतला. पुढून पोरगा नव्या साहेबाच्या गमती सांगत होता आणि ती मध्ये मध्ये, अगं बाई, मग रे, असं म्हणत होती. अजून तेरा किलोमीटर जायचं होतं, आणि त्यातला खड्डा न् खड्डा मास्तरला पाठ होता.