मरळीवर धरलेला नेम

आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि मी मासे मारायची बंदूक बनवत होतो. माझा अर्धा गुन्हा या एका वाक्यात आला. उरलेला अर्धा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालो होतो आणि मास्तरकीच्या हुकमाची वाट बघत घरी बसलो होतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी माझी गत. त्या साली मुंबईच्या गोदीत कामाला असलेला माझा आतेभाऊ सुट्टीवर आला. त्याने मला एक जुना रबरी चष्मा दिला. डोळे आणि नाक झाकणारी एकच गोल काच, पाण्याखाली बघायची. आणि वर एक गोष्ट सांगितली : परदेशी खलाशी रबराच्या ताणावर गज सोडून पाण्यातला मासा टिपतात. दारू नाही, आवाज नाही. दारू नाही म्हणजे परवाना नाही आणि आवाज नाही म्हणजे बापाला पत्ता नाही, हे माझ्या डोक्यात लगेच शिरलं. पुढे सहा आठवडे दुसरं काही शिरलं नाही.

आमच्या गावाला काटेपूर्णेचा डोह होता आणि डोहाच्या काठाला भोयांची दहाबारा घरं. त्यातल्या एकाने मला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बोलायला कमी. मी त्याला भाऊ म्हणायचो. तो आणि त्याची बायको उन्हाळाभर सूत वळून जाळं विणायची आणि वर्षभर त्यावर जगायची. मी त्याला बंदुकीचं सांगितलं तेव्हा तो हसला. जाळ्याने डोहातले शंभर मासे निघतात, तिथे एकेक मासा टिपायचा खटाटोप कशाला, असं त्याचं म्हणणं. पण त्याच्या हाताला कारागिरीची खाज होती. दुसऱ्या दिवशी तोच सागवानी फळीचा तुकडा घेऊन आला.

रबर निवडण्यात आमचे पंधरा दिवस गेले. आधी सायकलची ट्यूब कापून बघितली. ती ताणली जायची भरपूर, पण तिच्यात जोर नव्हता. गज चार हातांवर जाऊन लोळण घ्यायचा. मग मालेगावच्या बाजारातून लॉरीच्या चाकाची फाटकी ट्यूब आणली. तिची तीन बोटं रुंद पट्टी कापली तर ती ओढता ओढता माझ्या छातीला वळ उठले. शेवटी भाऊने दोन-दोन बोटांच्या दोन पट्ट्या कापल्या. जवळच्या माशाला एक चढवायची, लांबच्याला दोन्ही. रबर पारखायची त्याची रीतही त्याचीच. पट्टी ताणून उन्हासमोर धरायची. बारीक भेगा दिसल्या की ती पट्टी फेकायची, कारण असं रबर ऐन वेळी तोंडावर तुटतं.

गजाचं काम लोहाराकडे होतं. सायकलची तार वाकली होती, छत्रीची दांडी पोकळ निघाली होती. आता सरळ लोखंडी गज हवा होता, टोकाला उघडझाप करणारा आकडा असलेला. पण माळकऱ्याच्या पोराने लोहाराकडे जाऊन मासे मारायचा गज कसा मागायचा? मी भाऊला म्हटलं, तुझ्या नावाने सांग. तो बरं म्हणाला. ट्यूबही त्याच्याच नावाने आली होती. अशी ती बंदूक गावात भाऊची झाली. मला ते फार सोयीचं वाटलं होतं, हे इथे कबूल करतो.

पहिली चाचणी जमिनीवर घेतली. गज कडब्याच्या पेंडीतून आरपार जाऊन मागच्या बांधात रुतला आणि मी नाचलो. भाऊ म्हणाला, हवेतल्या नेमाला पाणी विचारत नाही. मग भोपळ्यात वाळू भरून तो डोहात दोरीने खाली सोडला. मी काच लावून बुडी मारायचो आणि नेम धरायचो. दहांत नऊ वेळा गज भोपळ्याच्या अलीकडेच दम सोडायचा. पाण्यात काचेतून वस्तू आहे त्याहून जवळ दिसते. हे कळायला मला तीन दिवस लागले, भाऊला एक बुडी पुरली. पण कळून उपयोग नव्हता. भोपळा धारेबरोबर हलायचा, आणि गज कमी पडला की माझा नेम चुकला हेच कळेना. मला न हलणारी खूण हवी होती.

नवरात्र होऊन गेलं होतं. पाणी निवळलं होतं. डोहाच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या मुळ्यांपाशी, पाण्यावर तांबडा ठिपका हलताना दिसायचा, ताटाएवढा. ती मरळीची पिल्लं. मरळ पिल्लं काढते तेव्हा ती सगळी एका पुंजक्यात वर तरंगतात आणि आई त्यांच्याखाली पहारा देत उभी राहते. आई गेली की बाकीचे मासे दोन दिवसांत पुंजका फस्त करतात. म्हणून भोयांचा कायदा होता : पिलावरच्या मरळीला हात लावायचा नाही. जो लावेल त्याचं जाळं काठच्या लिंबावर टांगायचं, पुढच्या पोळ्यापर्यंत. तोवर त्याने नदीत उतरायचं नाही. जाळं ऊन-पावसात कुजतं. तीच शिक्षा.

भाऊने बंदूक माझ्या हातात देताना एवढंच बजावलं होतं, "पिलावरच्या मरळीले हात लावू नोको. बाकी डोह तुहाच हाय."

मी हो म्हटलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी भाऊ बाजाराला गेला होता. मी एकटाच बुडी मारली आणि बाभळीच्या मुळ्यांपाशी ती दिसली. हातभर लांब, काळपट, तिच्या डोक्यावर तो तांबडा पुंजका. ती हलत नव्हती. मी नेहमीपेक्षा दोन हात जवळ गेलो, नेम धरला आणि खटका दाबला. गज तिच्या पोटात घुसला. तिने असा हिसका दिला की गजाला बांधलेली दोरी मुळ्यांत अडकून तुटली. गजासकट ती खोल गेली. मी अंधारात चाचपडत राहिलो, मग दम संपला. वर आलो तेव्हा पिल्लं तिथेच गोल फिरत होती.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे की बंदूक चालली. हेही लिहून ठेवायला हवं.

तिसऱ्या दिवशी मरळ फुगून वर आली, पोटात गज. गज कुणाचा हे लोहाराने लांबूनच सांगितलं. सकाळी लिंबाखाली भोयांची पंचायत बसली. आमच्या आळीतले लोकही बघायला गेले, वडील गेले, त्यांच्यामागे मी गेलो. म्हाताऱ्या पंचाने गज भाऊसमोर टाकला आणि विचारलं. भाऊने गज उचलला. आकड्यावरून बोट फिरवलं. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही, आणि बघितलं नाही म्हणूनच मला कळलं की त्याला ठाऊक आहे.

"गज माह्या नावाचा हाय," तो म्हणाला.

मारली कुणी, असं पंचाने पुन्हा विचारलं. भाऊने गज पंचाच्या पायाशी परत ठेवला. मी वीस पावलांवर उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी वडिलांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी होते. चोर तिथेच उभा असतो आणि धुतलेला सदरा घालून असतो.

भाऊच्या बायकोने जाळं आणून दिलं. दोघांनी चार महिने विणलेलं. ते फांदीवर चढवताना ती खालून हाताने सावरत होती, फाटू नये म्हणून. परत येताना वडील म्हणाले की जीव मारून जगणाऱ्यांना दयामाया कुठली असणार. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज मला अजून वाटते, बंदुकीहूनही जास्त.

संध्याकाळी भाऊ आमच्या शेताच्या धुऱ्यावर आला. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, काडीने माती उकरत राहिला आणि मग त्याने एकच विचारलं.

"तिनं जागा सोडली व्हती काय?"

मला त्याचा अर्थ कळला. मरळ पिल्लं सोडून निघून गेली असेल तर ती पिलावरची नव्हे. मग कायदा मोडलाच नाही आणि मीही त्याला दिलेला शब्द मोडला नाही. तो माझ्यासाठी पळवाट शोधत आला होता.

"हो," मी म्हटलं. "लांब गेली होती."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि उठून गेला.

त्या वर्षी तो सडकेवर खडी फोडायला गेला. त्याची बायको आमच्याच शेतात कापूस वेचायला आली. पाण्यात वाढलेली बाई ती, पऱ्हाटीच्या बोंडांनी तिची बोटं रक्ताळायची. माझी आई तिला दुपारी ताक द्यायची आणि मी तिथून उठून जायचो. पोळ्याला जाळं उतरवलं तेव्हा ते हातात आलंच नाही, नुसते धागे गळाले. मी वाशीमहून सुताची गुंडाळी आणून दिली. भाऊने घेतली, पण बंदुकीचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढे माझी बदली झाली आणि काही वर्षांनी तो वारल्याचं कळलं. जाईपर्यंत त्याने माझा शब्द खरा धरला असावा. खोटा धरला असला तर त्याने ते मला कळू दिलं नाही.

वर त्या दुपारचं लिहिताना मी एक गोष्ट गाळली. जो नेम तिला लागला तो दुसरा होता. पहिल्यांदा मी एकच रबर चढवलं होतं आणि गजाचा जोर कमी पडला, तो तिच्या अंगाला नुसता घासला. ती दचकून बाजूला झाली. पळून जायला सगळा डोह मोकळा होता. मी दोरीने गज ओढून घेतला, काठावर जाऊन दोन्ही रबरं चढवली आणि परत बुडी मारली. तेवढ्या वेळात ती पिल्लांखाली येऊन पुन्हा त्याच जागी उभी राहिली होती.