नेते पेन्सिलीनं, धोरण पेननं

कॉलेजच्या स्टाफरूममधले किस्से म्हणजे कपाटावर चढवलेले जुन्या पेपरांचे गठ्ठे. कोणी मुद्दाम जपत नाही, कोणी फेकतही नाही. मी भिवंडीत पॉलिटिकल सायन्स शिकवायला लागल्यापासून आमच्या डिपार्टमेंटमध्ये जे साठलं, त्यातलं निम्मं परांजपे सरांचं आणि बरंचसं चीनचं आहे. आता भिवंडीत बसून चीनची काळजी कोण करतं म्हणाल, तर आम्ही करत होतो!

*

परांजपे सर आमचे हेड. चीनच्या शासनाचा पेपर ते जन्मभर शिकवत आले. मी नवी लागले तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या नोट्सची वही दिली. पानं पिवळी पडलेली, अक्षर मात्र सुरेख.

मी चाळली आणि म्हटलं, "सर, यातली नेत्यांची नावं पेन्सिलीनं का लिहिलीत?"

"खोडायला सोपी जातात."

"आणि धोरण?"

"ते पेननं. नेता बदलला की नाव खोडायचं, नवं लिहायचं. खालचं उत्तर तेच राहतं. एकच पक्ष आहे, मॅडम. गाडी तीच, ड्रायव्हर तेवढा बदलतो."

पहिल्या पानावर मात्र लाल शाईत एक अपवाद होता. संस्थापक नेता गेला आणि चार-पाच वर्षांत सगळं उलटं झालं, सामुदायिक शेती मोडून जमीन कसायला घराघराला दिली गेली. त्यापुढे सरांनी लिहिलं होतं, "एकदाच!" आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

*

आमचे शिपाई लक्ष्मणकाका जवळच्या दिघाशी गावचे. चहा ठेवता ठेवता सगळं ऐकायचे. एकदा त्यांनी सरांना विचारलं, "सर, त्या चीनमदी पार्ट्या किती हान?"

"एकच."

"मंग मोठा साह्यब बदलला का काय बदलतो?"

सर खुलले. खुर्ची पुढे ओढून पंधरा मिनिटं समजावलं. केंद्रीय समिती, पंचवार्षिक योजना, काही सोडलं नाही. काकांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.

"मंजे आमचे गावासारकाच," ते म्हणाले. "आमचे गावान तीन सरपंच बदलले. नळाला पानी तवा पन नव्हता, आता पन न्हाय."

सर मला म्हणाले, "बघा, मला पंधरा मिनिटं लागली!"

*

परीक्षेत सरांचा एक प्रश्न ठरलेला. 'चीनमधील नेतृत्वबदलाने धोरण बदलते का? चर्चा करा.' मुलं आधीच पाठ करून यायची.

एका वर्षी एका मुलीनं एवढंच लिहिलं, "नाही. बदलत असतं तर हा प्रश्न दरवर्षी आला नसता."

सरांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. मॉडरेटरनं हरकत घेतली तेव्हा सर म्हणाले, "उत्तर माझ्या नोट्सपेक्षा बरं आहे, मी काय करू?"

*

शकीलभाई सरांचा जुना विद्यार्थी. वडिलांमागे कापड विणायच्या बारा लूम त्याच्याकडे आल्या. दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन स्टाफरूमला यायचा. एका वर्षी डबा ठेवला आणि उभाच राहिला.

"सर, वळ गावच्या गोडाऊनमध्ये चीनच्या कपड्याचे रोल येऊन पडतात. अपना माल कोई हात नहीं लगाता. भंगारवाला रोज चक्कर मारतोय, लूम मागतोय. तुम्ही सांगा, वहाँ का साहब बदलेगा तो ये माल रुकेगा क्या? रुकेगा तो मी थांबतो. नाहीतर अब्बांच्या लूम देऊन टाकतो."

मी सरांकडे बघितलं. उत्तर वहीत होतं, तेही पेननं.

सर म्हणाले, "थांब. तिथे दहा वर्षांनी माणूस बदलतो. तेवढं बघू."

तो गेल्यावर मी चिडलेच. "सर, हे काय सांगितलंत? तुमचंच उत्तर उलटं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या तोंडाकडे बघून 'नाही' म्हणवेना हो. आणि एकदा झालंय ना तसं?"



*

पुढे चीनमध्ये अध्यक्षपदाच्या मुदतीची अटच काढून टाकल्याची बातमी आली. सरांनी पेपर वाचला, वही उघडली, नेत्याचं नाव खोडलं आणि तेच नाव पुन्हा लिहिलं. या वेळी पेननं!

मग साथ आली. घराबाहेर पडायला बंदी, दारं सील, असं त्यांचं कडक धोरण. ते नंतर अचानक, काही दिवसांत गुंडाळलं. माणूस तोच आणि धोरण उलटं. वर्गात मुलं विचारायला लागली, "सर, आता काय लिहायचं?"

सर स्टाफरूममध्ये आले आणि लक्ष्मणकाकांना म्हणाले, "काका, पेनचं खोडणारा एक खोडरबर आणा. मोठा बघून आणा."

शकीलभाईचं येणं मात्र चुकलं नाही. दर ईदला डबा आणि तोच प्रश्न, "काय सर, बदलला का?"

सर म्हणायचे, "अजून नाही. थांब." दर वर्षी आवाज थोडा खाली जायचा. तो गेला की त्या दिवशी सर जेवायचे नाहीत. बारा लूम आपल्या एका शब्दावर अडकल्यात, हे त्यांना खात होतं.

*

यंदा सर रिटायर झाले. निरोप समारंभाचं आमंत्रण द्यायला मी स्वतः शकीलभाईच्या कारखान्यात गेले. सर तिकडे कधीच गेले नव्हते. गल्लीत शिरले तर खडखडाट नाही. आत लूम नाहीत. जमिनीपासून छतापर्यंत कापडाचे रोल रचलेले, वर चिनी अक्षरं.

"शकीलभाई, लूम?"

"बेचके चार साल हो गया, मॅडम. जागा गोडाऊनला भाड्यानं दिली."

"मग दर ईदला येऊन सरांना विचारत होतात ते?"

शकीलभाईनं एका रोलवरची धूळ हातानं झटकली. "सरांनी थांब सांगितलं होतं. नाही विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मैंने उनकी बात नहीं रखी."

मी सरांना काही सांगितलं नाही.

समारंभात भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. सर खाली उतरले ते थेट शकीलभाईकडे. त्याचे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते.

"शकील, तिथला माणूस काही बदलत नाही रे. मी तुला चुकीचं सांगितलं. माझ्यासाठी थांबू नकोस आता. लूम विकून टाक."

लक्ष्मणकाका चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभे होते. शकीलभाईनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"ठीक आहे, सर," तो म्हणाला. "तुम्ही सांगताय तर उद्याच गिऱ्हाईक बघतो."