पेवाचा वाफा

रोपवाटिका चालवणाऱ्या त्या विधवेला सगळे रानबाई म्हणत. गुलाब मागायला आलेल्या गिऱ्हाइकापुढे ती हमखास भलतंच रोप ठेवायची. कधी लाल बोंडातून पांढरी, कागदासारखी फुलं काढणारा पेव, कधी आगीच्या जिभांसारखी फुलणारी कळलावी. “पेवाचे लाड करावे लागत नाहीत हो. मागच्या अंधाऱ्या बोळात लावा आणि बघा,” ती म्हणायची. लोक हसायचे. तरी चार अंगणांत तिचा पेव आता फुलत होता.

दिराला ते सगळं तण वाटायचं. त्याला तिथे ट्रक लावायचे होते, पण जागा दोघांच्या नावावर असल्यामुळे घोडं अडलं होतं. एका सकाळी तो कोयता घेऊनच आला.

“वहिनी, बाजूला व्हा. आज हे रान साफ करतो.”

“भाऊजी, हात तर लावून बघा!”

त्याने पेवाचा अख्खा वाफा सपासप आडवा केला. लाथा घालून कुंड्या फोडल्या. ती आडवी आली, तसं केस धरून तिला सिमेंटच्या हौदावर आपटलं. कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलं. चाचपडताना हाताला फावडं लागलं, ते तिने जीव खाऊन फिरवलं. त्याच्या गुडघ्याचं हाड कडकन मोडलं. तो कोसळला, पण पडल्या पडल्या त्याने वार केला आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मातीत पडली.

त्याने पुन्हा कोयता उगारला, तोच त्याची बायको धावत आली. आजवर मुकाट मार खाल्लेली बाई. तिने त्याच्या मनगटावर पाय दिला आणि कोयता सुटेपर्यंत उचलला नाही.

“ताई, हाताला पदर गुंडाळा घट्ट. याला मी बघते.”

“घरी चल, मग दाखवतो तुला!” तो खालून गुरगुरला.

“मी येतच नाही घरी.”

पोलिसांपुढे आणि कोर्टातही तिने नवऱ्याविरुद्धच सांगितलं. तो तुरुंगात गेला. कापलेल्या पेवाच्या कांड्या दोघी जावांनी मिळून मातीत खोचल्या, त्यातल्या बऱ्याच लागल्या.

धाकटी आता रोपवाटिकेतल्या खोलीतच राहते. अजूनही झोपेत डोक्यावर हात धरते. रानबाई तिला कधी हलवून उठवत नाही. दारात उभी राहून लांबूनच हाक मारते.